आपलीच पाइपलाइन आपल्यालाच विका, आणि वर टक्केवारी घ्या

श्रीमंत व्हायचंय? तसं कोणाला नाही व्हायचं, पण बहुतेक लोक एसआयपी लावतात, एफडी मोडून शेअर घेतात आणि पन्नाशीला टू बीएचकेचं कर्ज फिटलं की पेढे वाटतात. तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही सरळ ह्यूस्टन गाठा, एक गॅस पाइपलाइन घ्या (कशी घ्यायची ते विचारू नका, तो वेगळा लेख होईल) आणि ती स्वतःलाच विका. एकदम नाही हं, तुकडे करून. आधी ५१ टक्के, मग सहा-आठ महिन्यांनी उरलेले ४९.

आता तुम्ही म्हणाल विकणारा मी, घेणारा मी, मग पैसे कोणाचे? अहो तीच तर गंमत आहे. पैसे ओहायोतल्या रिटायर्ड मास्तरांचे, न्यू जर्सीत डिव्हिडंडवर जगायचं ठरवलेल्या एखाद्या काकांचे, आणि माझ्यासारख्यांचे. माझ्याकडेही एका अशाच पार्टनरशिपची दोनशे युनिटं (म्हणजे शेअरसारखे हिस्से) होती, नाव घेत नाही, जखम अजून ओली आहे.

तर या गाडीचं नाव मास्टर लिमिटेड पार्टनरशिप, लाडाने एमएलपी. १९८७ साली अमेरिकन काँग्रेसने ठरवलं की शेअरबाजारात ज्यांची खरेदी-विक्री होते त्या पार्टनरशिपनी कंपनीसारखाच टॅक्स भरायचा, फक्त ज्यांचं निदान ९० टक्के उत्पन्न तेल, गॅस, पाइपलाइन असल्या ठरावीक धंद्यांतून येतं त्यांना सूट. मग काय, टेक्सासात पार्टनरशिपांचं पीक आलं. यात तुम्ही जनरल पार्टनर. सहसा दोन टक्के तुमचे आणि निर्णय शंभर टक्के तुमचे. पब्लिक म्हणजे लिमिटेड पार्टनर, ज्यांचं नाव पार्टनर आणि हक्क पेइंग गेस्टचे. बऱ्याचदा पार्टनरशिपला स्वतःचा एकही नोकर नसतो, सगळा स्टाफ पालक कंपनीचा, म्हणजे तुमच्या मूळ कंपनीचा, आणि त्याचं बिल दर महिन्याला पार्टनरशिपच्या नावावर, म्हणजे भाडेकरूकडून भाडं तर घ्यायचंच वर घरमालकाच्या ड्रायव्हरचा पगारही त्यालाच द्यायला लावायचा. आणि हे सगळं वार्षिक रिपोर्टात ‘रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन्स’ या टिपेखाली व्यवस्थित छापायचं. लपवायचं काहीही नाही. लपवणारे अडकतात, तुम्ही छापा. ती टीप इतक्या मागच्या पानावर असते की तिथपर्यंत पोचलेला माणूस झोपलेला तरी असतो नाहीतर वकील असतो.

पहिलं काम म्हणजे करार, आणि इथे कंजूसपणा करू नका, चांगले वकील धरा. कारण डेलावेअर नावाचं एक छोटं आणि अत्यंत समजूतदार राज्य आहे, पार्टनरशिप तिथेच नोंदवायची. तिथल्या कायद्यात २००४ पासून स्पष्टच लिहिलंय की लिमिटेड पार्टनरशिपच्या करारात तुम्ही विश्वस्ताचं कर्तव्य, ज्याला तिकडे फिड्युशियरी ड्यूटी म्हणतात, ते कमी करू शकता किंवा साफ काढून टाकू शकता. साफ! म्हणजे चोरी करायची गरजच नाही, कुंपणाला शेत खायची परवानगी आधीच सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवायची. आपल्याकडे बघा, सेबीने नसती पंचाईत करून ठेवलीय, लिस्टेड कंपनीचा मोठा रिलेटेड पार्टी व्यवहार असेल तर त्या ठरावाच्या बाजूने रिलेटेड पार्टीला मतच देता येत नाही म्हणे. जावयाने हुंड्याच्या बैठकीत गप्प बसायचं, असा प्रकार. डेलावेअरमध्ये असला अरसिकपणा नाही. फक्त एक गोष्ट कायदा काढू देत नाही, ती म्हणजे कराराच्या पोटात गृहीत असलेली चांगुलपणाची अट. तेवढं एक कुसळ राहतं, ते कसं बोचतं ते पुढे सांगतो.

आता माल विकायला काढा. याला म्हणतात ड्रॉपडाउन, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर सामान सोडायचं आणि खालच्याकडून पैसे घ्यायचे. आदर्श उदाहरण हवं असेल तर एल पासो. पालक एल पासो कॉर्पोरेशन, पोर एल पासो पाइपलाइन पार्टनर्स. जॉर्जिया राज्यात सवानाजवळ एल्बा आयलंड म्हणून बेट आहे, तिथे बोटीने आलेला एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू, उतरवून घ्यायचं टर्मिनल आणि त्याला जोडलेली पाइपलाइन. परदेशातला गॅस आयात करायला बांधलेलं टर्मिनल, आणि २०१० साल, म्हणजे अमेरिकेत खडकांतून काढलेला शेल गॅस इतका निघत होता की आयात कोण कशाला करेल. असा माल घरात ठेवतात का? पालकाने मार्च २०१० मध्ये ५१ टक्के पोराला विकला, आणि नोव्हेंबरमध्ये उरलेला ४९ टक्के अधिक दुसऱ्या एका पाइपलाइनचा १५ टक्के, सगळं मिळून सुमारे १.१३ अब्ज डॉलरला. बरं, त्याच वर्षी दुसऱ्या एका एलएनजी टर्मिनलचा हिस्सा याच पालकाला पहिल्या हक्काने घेता येत होता, कमाईच्या हिशोबाने बऱ्याच कमी भावात, तर पालक म्हणाला नको. घेताना नको, विकताना मात्र हाच माल सोन्याचा. हे अर्थातच समितीला सांगायचं राहून गेलं. कामाच्या गडबडीत होतं असं.

भावाचे पैसे तर मिळतातच, पण खरं लोणी पुढे आहे. तुमच्याकडे आयडीआर असतात, इन्सेंटिव्ह डिस्ट्रिब्यूशन राइट्स. युनिटमागे वाटप वाढत गेलं की वरच्या प्रत्येक डॉलरमधला तुमचा वाटा पायरी-पायरीने चढतो आणि शेवटच्या पायरीवर जवळपास निम्मा होतो. म्हणजे पोराने जितकी जास्त खरेदी करायची, कर्ज काढून का होईना, तितकं वाटप फुगणार आणि तितका तुमचा वाटा चढणार. माल आपला, दुकान आपलं आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीतले अर्धे शेंगदाणेही आपलेच. आपला हात जगन्नाथ म्हणतात तो हाच.

समिती म्हटलं मघाशी. कॉन्फ्लिक्ट्स कमिटी, पोराच्या वतीने पालकाशी होणारे सौदे तपासून मंजूर करणारी. ही पाहिजेच, हिच्याशिवाय कार्य तडीला जात नाही. तीन स्वतंत्र सभासद नेमा. स्वतंत्र म्हणजे आत्ता, या क्षणी, तुमच्या पगारावर नसलेले, पूर्वी कुठे होते हा उगाच खोदकामाचा विषय आहे. माणूस अनुभवी हवा, गोल्फ खेळणारा असला तर उत्तम, आणि कॉन्फरन्स कॉलवर म्यूट काढायला विसरणारा असला तर सोन्याहून पिवळं. पहिल्या कॉलला तुम्ही भाव सांगायचा, दुसऱ्या कॉलला समितीने थोडा खाली मागायचा, तिसऱ्या कॉलला मधे कुठेतरी भेटायचं, आणि मिनिट्समध्ये लिहायचं ‘सविस्तर वाटाघाटी झाल्या’. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून आपण जेवढा वेळ घालतो त्याहून जरा जास्त लागला तरी चालेल.

एक पथ्य मात्र पाळा. सभासद ग्रुपच्याच दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावरून उचलून समितीवर बसवू नका आणि काम झालं की परत तिकडे पाठवू नका. रीजन्सी एनर्जी पार्टनर्स या दुसऱ्या एका एमएलपीच्या २०१५ च्या विलीनीकरणात असंच झालं असा आरोप होता. २०१७ मध्ये डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बाबांनो, समितीचं कवच वापरायचं तर ती समिती खरी असली पाहिजे हे करारात गृहीतच आहे, केस चालू द्या. हेच ते कुसळ. तसं घाबरायचं कारण नाही, ट्रायल होऊन २०२१ मध्ये निकाल पालकाच्याच बाजूने लागला, पण मधली चार वर्षं डोक्याला ताप झाला तो झालाच.

मग सल्लागार. इन्व्हेस्टमेंट बँकेकडून फेअरनेस ओपिनियन घ्या, म्हणजे ‘भाव वाजवी आहे’ असं जाड कागदावरचं पत्र. करारात आधीच कलम घालून ठेवलेलं असतं की तज्ज्ञाच्या मतावर विसंबून जनरल पार्टनरने काही केलं तर ते चांगल्या भावनेनेच केलं असं मानलं जाईल, पक्कं, त्यावर वाद नाही. लग्नात गुरुजींनी मुहूर्त काढून दिला की पुढे संसार कसा का होईना मुहूर्ताला कोणी दोष देत नाही, तसं.

आणि पोराकडून घेतलेली वस्तू त्यालाच परत विकायलाही लाजू नका, उलट्या दिशेनेही तीच युक्ती चालते. कॅनडाच्या एन्ब्रिज या पाइपलाइन कंपनीचं बघा, २००९ मध्ये त्यांच्या पार्टनरशिपने अल्बर्टा क्लिपर तेलवाहिनीच्या अमेरिकेतल्या भागातला दोन तृतीयांश हिस्सा पालकाला ८० कोटी डॉलरला विकला आणि २०१५ मध्ये तोच पालकाकडून १ अब्जाला परत घेतला. मधल्या काळात त्या लाइनची कमाई घटली होती असं फिर्यादीचं म्हणणं. कमाई खाली, भाव वर. जुनी गाडी वापरून झाल्यावर शोरूमला जास्त भावात परत विकायची, हे आपल्याला कधी जमलंय का? (दोन्ही केसेसमध्ये, एल पासो आणि एन्ब्रिज, फिर्यादी एकच माणूस होता. एवढी चिकाटी असलेला युनिटधारक तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून घरी एखादी पूजा घालून घ्या.)

आता समजा कोर्टात गेलंच प्रकरण. एल पासोचं गेलं. एप्रिल २०१५ मध्ये डेलावेअरच्या चान्सरी कोर्टाचे व्हाइस चान्सलर (म्हणजे तिथले न्यायाधीश) ट्रॅव्हिस लास्टर यांनी निकाल दिला की समितीने नुसता उपचार पार पाडला, हा सौदा पार्टनरशिपच्या भल्याचा आहे असं त्या लोकांना मनातून वाटतच नव्हतं, आणि हे कळलं कशावरून तर त्यांच्याच ईमेलांवरून. म्हणून लेखी काही ठेवू नका हो, कोपऱ्यावर जाऊन चहा प्या आणि तिथे बोला! पार्टनरशिपने १७ कोटी १० लाख डॉलर जास्त मोजले, ते जनरल पार्टनरने भरावेत, असा तो निकाल.

इथे कच्चा गडी डोक्याला हात लावून बसेल. तुम्ही बसू नका, कारण दरम्यान पार्टनरशिपच गिळून झालेली होती. २०१२ मध्ये किंडर मॉर्गनने एल पासो घेतली होती आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे ट्रायलच्याच महिन्यात, पार्टनरशिपसकट आपली सगळी पिलावळ एका कंपनीत ओढून घेतली. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने शांतपणे सांगितलं की हा दावा मुळात पार्टनरशिपचा, युनिटधारकाचा नव्हे, आणि पार्टनरशिप तर आता विलीन झाली, सबब फिर्यादीला उभं राहायचा हक्कच उरला नाही. १७ कोटी १० लाख हवेत विरले. म्हणजे ज्याचं देणं लागतो त्यालाच विकत घेतलं की देणं मिटलं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे कळू देऊ नका प्लीज.

जाता जाता, हे किंडर मॉर्गन म्हणजे कोण? रिचर्ड किंडर हे एनरॉनचे माजी प्रेसिडेंट. एनरॉन म्हटलं की आपल्याला दाभोळ आठवतं आणि बीपी वाढतं, पण हे गृहस्थ घोटाळा फुटायच्या कितीतरी आधी तिथून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये एनरॉनकडूनच एक छोटी पाइपलाइन पार्टनरशिप साधारण ४ कोटी डॉलरला घेऊन त्यांनी भागीदाराबरोबर हा डोलारा उभा केला. आपण गुहागरात उदबत्ती लावून वीज कधी येते बघत बसलो.

शेवटचा धडा, घर रिकामं कसं करायचं. पोर फार वाढलं, आता नको झालं, तर करारात कॉल राइट असतो, म्हणजे ठरावीक परिस्थितीत पब्लिकची सगळी युनिटं सक्तीने विकत घ्यायचा हक्क. बोर्डवॉक पाइपलाइन पार्टनर्सच्या पालकाकडे, लोज कॉर्पोरेशनकडे, तो होता. अट अशी की वकिलाने लिहून द्यायचं, पार्टनरशिपच्या टॅक्सच्या स्टेटसमुळे पाइपलाइनच्या दरांवर वाईट परिणाम होणार आहे. आणि भाव काय, तर मागच्या १८० ट्रेडिंग दिवसांची सरासरी. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा नियामकाने, फर्कने, पार्टनरशिपांना दरात मिळणारी टॅक्सची भरपाई काढायचं सूतोवाच केलं. एप्रिलअखेर बोर्डवॉकने जाहीर केलं की हा कॉल राइट वापरायचा विचार होऊ शकतो. युनिटचा भाव धाडकन पडला, साहजिकच, आणि पडलेला भाव रोज थोडा थोडा सरासरीत मिसळू लागला, दुधात पाणी घालतात तसा, दुधाला कळतसुद्धा नाही. जुलैत लोजने १२.०६ डॉलरने सगळी युनिटं उचलली, साधारण दीड अब्ज डॉलर. त्याच जुलैत फर्कने आपलं धोरण बरंच मऊ केलं. योगायोग, दुसरं काय.

२०२१ मध्ये त्याच लास्टरसाहेबांनी म्हटलं की ते वकिली मत ओढूनताणून बनवलेलं होतं, आणि सुमारे ६९ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. का? वकिलाच्या सल्ल्यावर विसंबले होते ना, मग करारानुसार चांगल्या भावनेनेच केलं असं मानायचं. मघाशी म्हणालो नव्हतो, वकिलात कंजूसपणा करू नका?

एक राहिलंच. किंडर मॉर्गनच्या त्या विलीनीकरणात युनिटं गेली तेव्हा युनिटधारकांना तो व्यवहार करपात्र होता, वर्षानुवर्षं ‘टॅक्स पुढे ढकलला’ म्हणून खूश झालेल्या लोकांना ढकललेलं सगळं एका वर्षात अंगावर आलं. माझ्या दोनशे युनिटांचंही, दुसऱ्या घरात का होईना, तसंच झालं. मार्च महिन्यात जाडजूड पाकीट आलं, के-वन नावाचा टॅक्सचा फॉर्म, शेवटचा. ते घेऊन सीएकडे गेलो तर त्याने चष्मा कपाळावर चढवून तीन पानं उलटली, कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला आणि त्याची स्वतःची फी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिली. तुमच्या युनिटधारकांना असली पाकिटं जातील त्या आठवड्यात ऑफिसचा फोन व्हॉइसमेलवर टाका आणि गोल्फला जा, समितीतल्या त्या तिघांनाही बरोबर घ्या, तसेही ते आता मोकळेच असतील.