पोत्यातलं तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि बरणीतलं रोप

दादा,

"ऊतीसंवर्धनाला (बरणीत रोपं वाढवायला) एआर ग्रेडचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या शुद्धतेचं, महागडं पोटॅशियम नायट्रेटच घ्या म्हणता. तेच मीठ आम्ही तासगावात ड्रिपमधून द्राक्षाला सोडतो. केमिकलवाल्यांची दलाली बंद करा," असं तुम्ही लिहिलंत. दलाली मिळत असती तर सांगलीतल्या या भाड्याच्या गाळ्यात एसीचं बिल बघून घाम फुटला नसता.

मीठ एकच आहे, हे कबूल. मी लेखात 'खताचं वेगळं असतं' असं मोघम लिहिलं, ती चूक माझी. फरक उरलेल्या कचऱ्यात आहे.

हिशेब करू. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये पालाश साधारण ४६.६ टक्के भरतो. तुमच्या १३-०-४५ च्या पोत्यावर (नत्र १३, स्फुरद शून्य, पालाश ४५ टक्के) हमी ४५ ची. म्हणजे शंभरातले तीन-साडेतीन भाग दुसरं काहीतरी असू शकतं. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेल्या माध्यमात (बरणीतल्या पोषक मिश्रणात) हे मीठ लिटरला १९०० मिलिग्रॅम पडतं. त्यात साठ-पासष्ट मिलिग्रॅम अनोळखी पाहुणे आले. आणि त्याच माध्यमात मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, किती? ०.०२५ मिलिग्रॅम! पाहुण्यांत तांब्याचा कणभर अंश असला तरी माझं सूक्ष्मद्रव्यांचं सगळं मोजमाप पाण्यात. गाळून गाळ निघेल, विरघळलेलं सोडियम किंवा क्लोराइड निघत नाही.

तुमच्या बागेत हे पचतं, कारण खाली काळी माती आहे. ती बरंच धरून ठेवते, पाऊस उरलेलं धुऊन नेतो. बरणीतल्या रोपाला आगरच्या जेलीशिवाय कुणी नाही. जे घातलं तेच महिनाभर त्याच्या पायाशी.

तरी सरसकट 'नको' म्हणणार नाही. केळीचे फुटवे वाढवायच्या टप्प्यात खताचं मीठ वापरून बघायला माझी हरकत नाही, खर्च वाचतो. पण कॅलस (पेशींचा बेढब गोळा), पेशींचं द्रव संवर्धन किंवा दोन संप्रेरकांची तुलना असेल तर नाही. एका पोत्यावर आलेला निकाल दुसऱ्या पोत्यावर आला नाही, तर दोष संप्रेरकाला द्यायचा की पोत्याला?

पुढच्या वेळी सांगलीत आलात की त्या पोत्यातलं पावशेर मीठ घेऊन या. पन्नास बरण्या तुमच्या, पन्नास माझ्या, केळीचं वाण एकच. फक्त पोत्यावरचा लॉट नंबर लिहून आणा.