‘वर बॅश, शेवटी &>’ लिहून स्क्रिप्ट ना सगळीकडे चालते, ना गप्प बसते

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर शेल स्क्रिप्टसाठी (एका फाइलमध्ये ओळीने लिहिलेल्या कमांड) एक सल्ला फिरत असतो: ‘पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश लिहा, कमांडच्या शेवटी &> /डेव्ह/नल लावा. स्क्रिप्ट कुठल्याही मशीनवर चालेल आणि स्क्रीनवर एक अक्षर येणार नाही.’ यातला दुसरा भाग जास्त घातक, म्हणून आधी तोच.

बॅश हा एक शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. &> ही त्याची सोय आहे: आउटपुट आणि एरर दोन्ही एकदम /डेव्ह/नल या कचराकुंडीत जातात. उबंटूत 6.10 पासून (2006) आणि डेबियनमध्ये स्क्वीझपासून (2011) /बिन/एसएच (सिस्टीमचा ठरलेला शेल) म्हणजे डॅश हा दुसरा शेल. डॅश ही दोन चिन्हं एकत्र वाचत नाही. & दिसलं की कमांड बॅकग्राउंडला सोडून देतो आणि उरलेलं > /डेव्ह/नल ही वेगळी, रिकामी कमांड समजतो. आउटपुट स्क्रीनवर येतच राहतं. तेवढं खपलं असतं, पण रिकाम्या कमांडचा एक्झिट कोड 0, म्हणजे यशस्वी.

जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या पीसीच्या रोजच्या बॅकअपचं उदाहरण घ्या. फाइल कॉपी करणारी कमांड आरसिंक, पुसणारी आरएम. ‘इफ आरसिंक … &> /डेव्ह/नल’, आणि कॉपी झाली की जुन्या पावत्या आरएमने पुसायच्या. डॅशमध्ये आरसिंक सुरू होतो न होतो तोच अट खरी ठरते आणि कॉपी पुरी व्हायच्या आत पावत्या साफ. आरसिंक फसला तरीही साफ. नुसतं व्याकरण तपासणारा -एन पर्यायही गप्प राहतो, कारण व्याकरणाने ओळ बरोबरच आहे!

‘पण वर बॅश लिहिलंय ना?’ एसएच हा शब्द पुढे लावून स्क्रिप्ट चालवली की ती पहिली ओळ नुसती टिप्पणी ठरते. क्रॉनटॅबच्या (ठरल्या वेळी चालवायच्या कमांडची यादी) ओळीत लावलेलं &> तर स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही; वर शेल बदललेला नसेल तर ती ओळ /बिन/एसएचच वाचतो.

लिहायचं ते >/डेव्ह/नल 2>&1, आणि याच क्रमाने. 1 म्हणजे साधं आउटपुट, 2 म्हणजे एरर, आणि शेल डावीकडून उजवीकडे जातो. 2>&1 आधी आलं तर एरर स्क्रीनला जोडल्या जातात आणि तिथेच राहतात.

आता ‘कुठल्याही मशीनवर’. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये बॅश मुळात नसतो. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमवर वेगळा टाकला तर तो /यूएसआर/लोकल/बिनमध्ये बसतो; मग फाइल समोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असा एरर येतो आणि माणूस स्क्रिप्टच शोधत बसतो. मॅकवर /बिन/बॅश आहे, पण 3.2, म्हणजे 4.0 मधले असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नावाने शोधायच्या याद्या) तिथे नाहीत. साध्या कामाला #!/बिन/एसएच ठेवा आणि दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, सोर्स टाळा. इको -ई ऐवजी प्रिंटएफ, कारण डॅशचा इको -ई सुद्धा छापतो. मजकूर बदलणाऱ्या सेडचा -आय (फाइल जागीच बदलणारा पर्याय) जीएनयूत, म्हणजे बहुतेक लिनक्सवर, नुसता चालतो, मॅकवर त्याला पुढे एक्स्टेंशन लागतं, रिकामं का होईना.

आणि एरर गिळायच्याच कशाला? रात्री डिस्क भरली तर सकाळी कळायला काहीतरी हवं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक्झेक >>बॅकअप.लॉग 2>&1 अशी एकच ओळ लिहा, फाइलचा पूर्ण पाथ देऊन. स्क्रीन शांत राहते, नोंदही राहते. दूरच्या मशीनला जोडणारा एसएसएच पासवर्ड मागतो तेव्हा मात्र तो थेट /डेव्ह/टीटीवायशी, म्हणजे टर्मिनलशी बोलतो, तिथे कुठलंच रीडायरेक्शन चालत नाही. त्याला पासवर्डऐवजी की (ओळख पटवणारी फाइल) लावा.

पहिली ओळ #!/बिन/एसएच केली की फाइल शेलचेक या स्क्रिप्ट तपासणाऱ्या प्रोग्राममधून काढा. &> कुठे राहिलं असेल तर तो ओळ नंबरसकट दाखवतो.