घोडबंदरची हिमबाधा

‘बिघाडाचं कारण : फ्रॉस्ट डॅमेज’ असं छापलेला कागद माझ्या पर्समध्ये आहे आणि तो मी फाडणार नाही. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या बाईचा प्रेशर वॉशर (पाण्याच्या जोरदार धारेने घाण धुणारं मशीन) थंडीने गोठून फुटला, असं एका कंपनीने मला लेखी दिलंय. म्हणून तो वॉरंटीत बसत नाही.

मशीन घेतलं कबुतरांमुळे. टॉवरमधल्या बाल्कनीचं काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. (खालच्या मजल्यावरच्या बाई माझ्या धुण्यावर वेगळा लेख लिहू शकतील.) परवा पंपातून धार लागली, तशी रिक्षात घालून ते वागळे इस्टेटच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरच्या मुलाने पंपाची चीर मोबाइलच्या उजेडात पाहिली आणि कॉम्प्युटरवर कारणांची यादी उघडली. ‘आमचा पंपच भिकार होता’ हा पर्याय तिच्यात नसावा.

‘विंटर स्टोरेज केलं होतं का, मॅडम?’

त्याने मॅन्युअल उघडून पान दाखवलं. हंगाम संपला की नळी सोडवा, काही सेकंद मोटर चालवून पंपातलं पाणी बाहेर काढा, गनचा ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा, पंपात अँटीफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं द्रव, भरा आणि तापमान शून्याच्या खाली जाणार नाही अशा जागी मशीन ठेवा. ही शेवटची अट मी जन्मापासून पाळत आलेय.

टोरांटोच्या भाच्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, तिकडे हे सगळे करतात. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण ९ टक्के फुगतं, पंपाच्या आत जागा नसते, मग पितळ असो की अ‍ॅल्युमिनियम, तडकतं. आणि ते कळतं थेट उन्हाळ्यात, मशीन चालू केल्यावर. एवढं सांगून तो थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, ‘मावशी, तू अँटीफ्रीझ भरलं नव्हतंस?’

असो. मी काउंटरवर भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

‘यंदा थंडी होती हो, पण.’

कानटोपी, हाफ स्वेटर, मांडीवर व्हॅक्यूम क्लीनर. काका पंख्याखालची जागा सोडून कोपऱ्यात बसले होते. बाहेर लोक रुमालाने मान पुसत होते.

‘राहता कुठे?’

‘कासारवडवलीला.’

‘बाल्कनी येऊरच्या डोंगराच्या अंगाला?’

‘हो.’

‘मग संपलंच.’ त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान डोलावली आणि काहीतरी टाइप केलं. एका अनोळखी माणसाच्या साक्षीवर माझी वॉरंटी चालली होती.

‘काका, पाणी गोठायला शून्य अंश लागतात.’

‘ते पुस्तकातलं झालं. २२ जानेवारी १९६२. सांताक्रूझला ७.४! समुद्र उशाशी असून ७.४, तर ठाण्यात किती असेल? मोजायला कोण बसलं होतं?’

‘७.४ ला पण पाणी पाणीच राहतं.’

‘पाण्याचं सोडा. मशीन धातूचं आहे ना? धातूला थंडी जास्त लागते. पहाटे स्टीलच्या डब्याला हात लावून बघा.’

याला उत्तर आहे, पण ते द्यायला फळा लागतो.

‘मग थंडीने तुमच्या घरचे नळ का नाही फुटले?’

‘आमचे नळ माजिवड्याला आहेत,’ काका शांतपणे म्हणाले. ‘महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवाचा बर्फ होतो, ऐकलंय ना?’

‘अहो, महाबळेश्वर चार हजार फुटांच्या वर आहे!’

‘आणि तुम्ही कितव्या मजल्यावर?’

‘एकोणिसाव्या.’

‘बघा!’ हे मला नव्हतं, बाकावरच्या बाकीच्यांना होतं. दोघांनी माना हलवल्या. एक तर मिक्सर घेऊन आलेला, त्याचा थंडीशी संबंध काय?

मुलगा म्हणाला, ‘मिस्टरांना पाठवा मॅडम, त्यांना नीट समजावतो.’ मिस्टरांना या मशीनचं बटण कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही.

मला विचाराल तर दोष टँकरच्या पाण्याचा आहे. पाण्याच्या तोंडाशी जी जाळी असते, ती दर वेळी लालसर गाळाने भरलेली निघते. तो गाळ पंपात जाऊन सील खात असणार. तसं मी म्हणाले, तर मुलगा लगेच म्हणाला, ‘गाळ पण वॉरंटीत येत नाही, मॅडम.’ म्हणजे कसंही फुटलं तरी खिसा माझाच. आमच्या रोडवर टॉवर आधी चढतात आणि पाणी मागून टँकरने ट्रॅफिकमधून रांगत येतं. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये भरायचे, त्याने मशीन बिघडलं की दुरुस्तीचेही भरायचे. प्यायला पुरेसं पाणी नाही, थंडी तर नाहीच, आणि पंप फुटला तो गोठलेल्या पाण्याने! मॅन्युअलमध्ये फिनिश भाषा आहे, मराठी नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी मशीन उचललं.

मग काकांचा नंबर लागला. त्यांचा व्हॅक्यूम क्लीनर वॉरंटीतून कधीच बाहेर पडला होता. तरी मुलगा म्हणाला, ‘बघतो काका, करून देतो.’

मी दारात पोहोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

‘ताई, डिसेंबर लागला की मशीनवर गोधडी टाकत जा. जुनी चालेल.’