साडेतीन रुपयांची बॅटरी

आमच्या सुदामानगरच्या गच्चीवर पूर्वी कुरडया वाळायच्या. आता तिथे ३ किलोवॉटची सोलर पॅनेलं पसरली आहेत, आणि जिन्याखाली पाच युनिटची लिथियम बॅटरी. आई तिला 'तुझी म्हैस' म्हणते. मी दिवसातून दहादा बघून येतो म्हणून.

इंदूरात स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीजदरात २० टक्के सूट. म्हणजे दिवसा बॅटरी भरायची, रात्री वापरायची. पण ही सूट मीच घरात मोठ्या तोंडाने जाहीर केली होती. आता नऊच्या ठोक्याला वॉशिंग मशीन, मग घरघंटी, मग इस्त्री. पाच वाजता बॅटरी चाळीस टक्के!

श्रावणातल्या एका सकाळी आभाळ गच्च भरून आलं. आज पॅनेलांचा उपास, असं ताडून मी पोहे अर्धे टाकून उठलो आणि बॅटरी ग्रिडवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेवर, लावली. दुपारी बॅटरी तुडुंब झाली न् झाली, तोच ऊन पडलं. वैशाखाने मान खाली घालावी असं! पॅनेलं वीज ओततायत, बॅटरीत थेंब मावत नाही, सगळी वीज बाहेर.

"अहो, पण बाहेर गेलेले युनिट नेट मीटरवर जमा होऊन बिलातून वजा होतात ना? मग ही म्हैस कशाला?" सौ.

"वीज गेली तर!"

"कधी गेली होती?"

(बायकोने तांत्रिक प्रश्न विचारू नयेत.)

लेकीने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. "बाबा, दर ७ रुपये धरा. सूट धरून ५.६०. पाच युनिट भरायला २८ रुपये. दहा टक्के गळती, हाती साडेचार युनिट, म्हणजे साडेएकतीस. रोजची कमाई साडेतीन रुपये."

साडेतीन रुपयांत पोह्यांवर जास्तीची शेवसुद्धा कोणी घालत नाही.

तरी त्या रात्री मी हट्टाने दिवे, पंखे, टीव्ही बंद करत हिंडलो. शेवटी सौ. म्हणाली, "अंधारात बसण्यापेक्षा सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊ." गेलो. भुट्ट्याचा कीस, जिलबी, वर आईसाठी रबडी बांधून. पाचशेची नोट मोडली.

घरी येऊन पाहिलं, बॅटरी ९६ टक्के. सकाळी लख्ख ऊन, आणि भरायला जागा चार टक्के.

आई रबडी खात म्हणाली, "म्हशीला सांग, आज उपास."

मी उठलो आणि वॉशिंग मशीन लावलं. रिकामंच.