घ्या, काढा वाईनचा ब्रँड!

नाशिकला वीकेंडला गेलात, टेस्टिंग केलंत आणि परतीच्या वाटेवर कसारा घाटातच ब्रँडचं नाव ठरलं. उत्तम! मराठी माणसाने धंद्यात पडलंच पाहिजे. फक्त काही गोष्टी आधीच लक्षात घ्या.

वाईनरी बांधायच्या फंदात पडू नका, दुसऱ्याच्या टाक्यांत माल बनवून घ्या. सरकार पाठीशी आहेच. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा म्हणून राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. द्राक्षं आंबली, की मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा त्यांचा ताबा घेतो. पाठ थोपटणारं आणि मानगूट धरणारं सरकार एकच, तेव्हा नमस्कार दोन्हीकडे करा.

लेबल भाचीकडून वारली शैलीत काढून घ्या, पण छापायची घाई नको. आधी उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी. नंतर भाचीला चित्रातलं तारपा वाद्य थोडं डावीकडे हवं असं वाटलं, तर तिची समजूत काढा, ते स्वस्त पडेल. मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा बाटलीवर सक्तीचा. गंमत अशी, की पिणाऱ्यालाही कायद्याने परवाना लागतो, आणि त्याच कायद्यात प्रकृती राखण्यासाठी द्यायच्या ‘आरोग्य परवान्या’ची सोय आहे. बाटली म्हणते बिघडेल, परवाना म्हणतो सुधारेल. गिऱ्हाईकाने दोन्ही वाचू नयेत, एवढीच प्रार्थना करा.

आता खरी मजा, विक्री. वाईन शॉपचे एफएल-२ परवाने १९७० च्या दशकापासून नव्याने देणं बंद आहे. म्हणजे दुकानं ठरलेली, मालक ठरलेले आणि तुम्ही नवे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘वाईन्स’ लिहिलंय म्हणून आत वाईन खपते असं समजण्याइतके भोळे नसालच. दादरला एखाद्या काउंटरवर संध्याकाळी सातला उभे राहून बघा. जाळीतून नोटा आत, क्वार्टर बाहेर. तुमची बाटली सगळ्यात खालच्या फळीवर, मे महिन्याच्या उकाड्यात, धूळ खात उभी. तुम्ही जिभेवर रेंगाळणाऱ्या जांभळाच्या चवीबद्दल सांगू लागलात, की काउंटरवरचे काका गिऱ्हाईकाला सुट्टे देता देता विचारतील, ‘ते राहू द्या हो. स्कीम काय? पेटीवर किती फ्री?’ उत्तर तयार ठेवा. पैशांचं विचारू नका, माल खपला की देतील. न खपल्यास माल परत देतील, तेवढे ते प्रामाणिक असतात.

सुपरमार्केट? जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने तिथे वाईन विकायला मंजुरी दिली होती. लगेच ‘मद्यराष्ट्र’ झालं म्हणून गदारोळ उठला आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या भरवशावर पेट्या भरून ठेवल्या असतील, तर गोदामाचं भाडं भरत राहा.

मग परराज्यात जा. मद्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक सीमेपलीकडे लेबलची नोंदणी नव्याने, फी नव्याने, वाहतुकीचा परवाना वेगळा. तामिळनाडूत किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करतं, तिथे ‘स्कीम काय’ विचारणारे काका आठवून डोळे पाणावतील. गुजरात सगळ्यात जवळ. तिकडे फक्त ढोकळा खायला जा. आणि हो, बाटली, बूच, लेबल यांवर जीएसटी भरायचा, वाईनवर व्हॅट, आणि एकाची वजावट दुसऱ्यात मिळत नाही. सीएला यावर प्रश्न विचारू नका, तो फी वाढवेल.

जाहिरात करता येत नाही, म्हणून मोठे लोक त्याच नावाचा सोडा विकतात. तुम्हालाही वाईनआधी सोड्याचाच धंदा जमून जाईल कदाचित.

लाँच पार्टी मात्र दणक्यात करा. २ ऑक्टोबर टाळा, निवडणुकाही बघा, कारण मतदान संपण्याआधीचे ४८ तास ड्राय. आपलीच वाईन पाहुण्यांना पाजायला एका दिवसाचा वेगळा परवाना काढा. पाहुणे बाटली हातात धरून फोटो काढतील, ‘आपला माणूस!’ म्हणून पाठीवर थाप मारतील आणि हळूच कानाशी येऊन विचारतील, ‘व्हिस्की कुठाय?’ तीही मागवून ठेवा.