उंदराचे विष, लसणाची पाकळी आणि रक्ताची गुठळी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रक्त पातळ करण्याची गोळी म्हणजे उंदीर मारण्याचे विष, लसणाच्या दोन पाकळ्या आणि हळदीचे पाणी घेतल्यास तेच काम विनाधोका होते, आणि गोळी घ्यायचीच असेल तर तपासणीची कटकट नसलेली नवी गोळी मागून घ्यावी, कारण जुनी केवळ स्वस्त म्हणून माथी मारली जाते. मागच्या खेपेला हे वाचून शेजारच्या काकांनी नऊ दिवस गोळी बंद ठेवली. त्यांच्या हृदयात धातूची झडप आहे. त्यांच्या वहीत २.८, ३.१, २.९ अशा ओळीने लिहिलेल्या आयएनआरच्या (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणाऱ्या तपासणीच्या) आकड्यांखाली एकदम १.२ आला, म्हणजे रक्त पुन्हा लवकर गोठू लागले होते. गुठळी झाली नाही, हे नशीब.

विषाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो पटतो. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा बुरसटलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. फेब्रुवारी १९३३मध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्याकडे पोहोचला. त्या रक्ताचा माग काढताना सापडलेल्या रसायनाच्या कुळातील वॉरफॅरिन, म्हणजे मजकुरातली ‘जुनी’ गोळी, १९४८मध्ये उंदरांसाठी बाजारात आले, १९५४मध्ये अमेरिकेत माणसांसाठी मान्य झाले, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही देण्यात आले. तेव्हा यात डॉक्टरांनी दडवून ठेवलेले असे काहीही नाही. हे औषध यकृतात व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे काही घटक कमी प्रभावी तयार होतात. उंदराच्या पोटात ते बेहिशेबी जाते. रुग्णाला ते मिलिग्रॅममध्ये मोजून, आयएनआर पाहून दिले जाते आणि जास्त झाल्यास व्हिटॅमिन के हा उताराही हाताशी असतो. (‘रक्त पातळ होणे’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. पाणी घातलेल्या ताकासारखे रक्त पातळ होत नाही, ते फक्त उशिरा गोठते.)

लसूण आणि हळदीचे काही घटक प्रयोगशाळेत प्लेटलेट्सवर (गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या कणांवर) परिणाम करतात, हे मान्य. परंतु धातूच्या झडपेवरची किंवा पायाच्या शिरेतली गुठळी त्यांनी रोखल्याचे दाखवणारी रुग्णांवरील चाचणी कुठे आहे? गोळीच्या बाजूने पुरावा कसा उभा राहिला, ते पाहण्यासारखे आहे. १९६०मध्ये ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी फुफ्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. उपचार न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण त्याच आजाराने दगावले. हेपरिन हे गुठळीविरोधी इंजेक्शन आणि निकुमॅलोन मिळालेल्या १६ जणांत त्या कारणाने एकही मृत्यू झाला नाही, आणि उपचार नाकारणे अन्यायाचे ठरेल म्हणून तुलना थांबवावी लागली. निकुमॅलोन म्हणजेच आज आपल्याकडे अनेकांच्या डब्यात असलेली, वॉरफॅरिनच्याच कुळातील अ‍ॅसेनोकुमॅरॉल.

नव्या गोळ्यांबद्दल मात्र मजकूर लिहिणाऱ्याने निम्मीच गोष्ट वाचलेली दिसते. झडपेचा आजार नसताना हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांसाठी त्या खरोखर चांगल्या आहेत: २०११च्या अ‍ॅरिस्टॉटल चाचणीत १८,२०१ रुग्णांमध्ये अपिक्साबॅन या नव्या गोळीने वॉरफॅरिनपेक्षा पक्षाघातही कमी झाले आणि मोठे रक्तस्रावही. पण धातूच्या झडपेच्या रुग्णांना डॅबिगॅट्रान ही दुसरी नवी गोळी देऊन पाहिली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती चाचणी अर्ध्यावर बंद करावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत तर संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांमध्ये जुन्या गोळीच्या गटात रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीच्या गटापेक्षा मृत्यू कमी झाले. हा आजार आपल्याकडे अजून भरपूर आहे. म्हणजे अशा रुग्णाला जुनी गोळी लिहून देणारा डॉक्टर स्वस्ताईचा नव्हे, पुराव्याचा विचार करत असतो.

मजकुराच्या शेवटी ‘गोळी घेणाऱ्याने पालेभाजी कायमची सोडावी’ अशी एक ओळ आहे. सोडायची नसते, पालक, मेथी आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खायची असते, म्हणजे डोस तिच्याशी जुळवता येतो. फोडणीतल्या लसणालाही कोणाची हरकत नाही, मात्र लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल गोळीसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून त्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. काकांनी त्या कॅप्सूलची आपली बाटली वहीसोबतच दवाखान्यात नेली.