पनवेलच्या डॉक्टर मुलीने सीट वाया घालवली?

डॉक्टर होऊन मॉडेल आणि अभिनेत्री झालेल्या अदिती गोवित्रीकरचं नाव निघालं की आमच्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, "एमबीबीएसची सरकारी सीट फुकट घालवली तिने." परवा स्टाफरूममध्ये पुन्हा तेच कानावर आलं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. मी रायगड जिल्ह्यात बारावीला बायोलॉजी शिकवते. त्या एका सीटसाठी मुलं आणि त्यांचे आईवडील किती झिजतात ते मी रोज बघते. तरीही हे वाक्य मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

अदिती मूळची पनवेलची. ग्रँट मेडिकल कॉलेजची, म्हणजे जे.जे.ची विद्यार्थिनी. १९९६ साली ती ग्लॅडरॅग्ज मेगामॉडेल ही मॉडेलिंगची स्पर्धा जिंकली आणि १९९७ साली एमबीबीएस. क्रम नीट बघा. किताब हातात आला होता, जाहिरातीची दुनिया समोर उघडी होती, तरी तिने डिग्री पुरी केली. सुष्मिता आणि ऐश्वर्याने १९९४ साली जागतिक किताब जिंकले होते आणि मॉडेलिंगला तेव्हा नुकते चांगले दिवस आले होते. अशा वेळी परीक्षेला बसणं सोपं नसतं. हार्बरची लोकलही तेव्हा पनवेलपर्यंत पोचली नव्हती, ती आली १९९८ साली. आम्हा कोकणवाल्यांना पनवेल म्हणजे एसटी थांबते ते ठिकाण, एवढंच ठाऊक होतं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. अदनान सामीच्या 'कभी तो नज़र मिलाओ'च्या व्हिडिओतला तिचा चेहरा माझ्या पिढीला अजून आठवतो. २००१ साली ती मिसेस वर्ल्ड, म्हणजे विवाहित स्त्रियांची जागतिक सौंदर्यस्पर्धा, जिंकली, हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. नंतर तो पुन्हा भारतात यायला २०२२ साल उजाडलं, सरगम कौशल जिंकली तेव्हा. मग सिनेमे, मालिका, २००९ साली बिग बॉसचा तिसरा सीझन. बहीण आरझूसुद्धा मॉडेलिंगमधूनच मालिकांत आली. अदितीने पुढे मानसशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि आता ती मानसिक आरोग्यावर बोलते, काम करते. डॉक्टरकी सुटली म्हणणाऱ्यांनी हेही जरा विचारात घ्यावं.

आता सीटबद्दल. बोलणाऱ्यांचं दुःख खोटं नाही. सिंधुदुर्गातला गंभीर पेशंट आजही गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात न्यावा लागतो, रत्नागिरीचा कोल्हापूर नाहीतर मुंबईला. अलिबाग आणि सिंधुदुर्गला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं २०२१ साली, रत्नागिरीला २०२३ साली. म्हणजे इतकी वर्षं अख्ख्या कोकणपट्टीने डॉक्टरसाठी बाहेरच डोळे लावायचे. पण हा दुष्काळ काय एका मुलीने रॅम्पवर पाऊल टाकलं म्हणून पडला? सरकारी कॉलेजात शिकून अमेरिकेला गेलेल्या मुलाचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. एमबीबीएसनंतर एमबीए करून औषध कंपनीत बसणाऱ्यालाही कुणी सीटचा हिशेब विचारत नाही. तो फक्त तिलाच विचारला जातो, कारण ती बाई आहे आणि तिने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं ठरवलं. याचा मला खरंच राग येतो.

आणि कोकणाने हे बोलावं? आपल्याकडचा दशावतारी नट दिवसा शेतात राबतो आणि रात्री मुकुट चढवून राजा होतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं आपणच म्हणतो आणि दोन्ही कामांसाठी त्याला मान देतो. 'रात्रीस खेळ चाले'मुळे आकेरीचा वाडा गाजला, तर तिथे फोटो काढायला लांबून गाड्या आल्या. मालिकेतलं घर बघायला हौसेने जायचं आणि आपल्या घरातली मुलगी मालिकेत काम करते म्हणाली की तोंड फिरवायचं, हे मला समजत नाही.

मालिकेचं काम म्हणजे नुसतं नटणं-मुरडणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा चौकशी करावी. बारा-बारा तासांची शिफ्ट, हातात ऐनवेळी आलेले संवाद, आजारी असलं तरी सेटवर हजेरी, कारण एपिसोड ठरल्या वेळेला जायलाच हवा. मॉडेलला तर वजन आणि वय, दोन्हींचा जाच. तिशी आली की फोन कमी होतात. या धंद्यात इतकी वर्षं टिकून राहणं, मधे पडद्यावरून नाहीसं होणं, पुन्हा पुस्तकं उघडून नवा विषय शिकणं, ही जिद्द मला फार मोठी वाटते.

माझ्या वर्गात दरवर्षी एखादी तरी मुलगी असते जिला हे क्षेत्र खुणावतं. ती घरी बोलत नाही, माझ्याकडे येऊन बोलते. तिला मी आधी बारावी आणि पदवी पूर्ण करायला सांगते. अदितीने केली म्हणूनच नव्हे, तर या कामात महिनोन्‌महिने पैसे येत नाहीत म्हणून. दुसरं सांगते, निवड झाली म्हणत पोर्टफोलिओसाठी, म्हणजे फोटोंच्या संचासाठी, आधी रक्कम मागणाऱ्याकडे जायचं नाही, आणि ऑडिशनला एकटीने जायचं नाही. आईवडिलांनो, तिला तुमची सोबत हवी असते. पहिल्या ऑडिशनला तुम्ही तिच्याबरोबर एसटीत बसा. विचारायचं असेल ते तिथल्या माणसांना तोंडावर विचारा. त्यासाठी एक दिवसाची रजा टाका.